बारा तारखेची खोली

भट्टीकाकांच्या बेकरीत तारीख संध्याकाळी सात वाजता बदलते. बाहेर अकरा तारीख निवांत फिरायला निघालेली असते आणि इकडे काका भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून तिची बोळवण करून मोकळे होतात. त्यात त्यांचा काही वेडेपणा नाही. संध्याकाळी मळलेलं पीठ रात्रभर फुगणार, पहाटे भट्टीत जाणार आणि पाव विकला जाणार दुसऱ्या दिवशी. पिठाच्या ट्रेवर चिठ्ठी लावायची ती विक्रीच्या दिवसाची. ज्या मालकांकडे काका हे काम शिकले त्यांनी पहिल्याच आठवड्यात एका चुकीच्या चिठ्ठीपायी त्यांच्याकडून सगळं पीठ पुन्हा मळून घेतलं होतं. तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं झाली, काका संध्याकाळी सातनंतर उद्यात राहतात.

याचा त्रास जगाला फारसा नाही, घरच्यांना आहे. काकूंचा वाढदिवस दर वर्षी आदल्या संध्याकाळी साजरा होतो. पहिली पाच-सात वर्षं काकू चिडल्या, मग म्हणायला लागल्या, “एक दिवस आधी का होईना, आठवण राहते ना! बाकीच्या बायकांचे नवरे बघा.” वीजबिल, लेकीच्या शाळेची सभा, दातांच्या डॉक्टरची वेळ, सगळीकडे काका एक दिवस आधी जाऊन हात हलवत परत आलेले आहेत. उशीर मात्र कधीच नाही, हे ते वर तोंड करून सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे काकांचा हिशेब चोख. पाव वजनाला हलका निघाला म्हणून कुणी परत आणला तर त्याला एकाच्या जागी दोन मिळतात, वर माफी. पण समोरच्यानेही तसंच वागावं अशी त्यांची अपेक्षा. खिळ्यांच्या पुड्यात चार खिळे कमी निघाले म्हणून हा माणूस भर उन्हात अर्धा तास चालत दुकानात परत गेला होता. खिळे आणले आणि येताना चपलेचा अंगठा तुटला, तो शिवायला खिळ्यांच्या चौपट पैसे गेले. काकूंनी हा किस्सा सगळ्या नात्यागोत्यात पोहोचवलेला आहे.

काकूंचा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता. त्यातून त्यांना उजेड कळतो, सावली कळते, माणूस कळत नाही. बेकरीचा गल्ला, घर, लेकीचं शिक्षण, काकांचा संसार हे सगळं त्यांनी उजव्या डोळ्यावर रेटलं. आणि एका सकाळी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “अहो, माझ्या डोळ्यावर वरून कुणीतरी पडदा सोडतंय.”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. गावातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन लावला. तिथलं उत्तर सरळ होतं. डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, मधला भाग अजून जागेवर आहे, तो आहे तोवरच काय ते करता येईल. बारा तारखेला सकाळी सहाला उपाशीपोटी हजर राहा, ती वेळ गेली तर पुढची नऊ दिवसांनी, आणि नऊ दिवसांनी चिकटवायला काही उरेल याची खात्री नाही. शिवाय डोक्याला धक्का लागू देऊ नका, मान हिसडू नका. आदल्या रात्री हॉस्पिटलात खाट मिळणार नव्हती. बसचा प्रवास सहा तासांचा आणि पहाटेची पहिली बस पोहोचते अकराला. म्हणजे रात्री तिथे मुक्काम करणं भाग होतं.

लेक फोनवर म्हणाली, “बाबा, मी करते खोलीचं बुकिंग.”

“का? मला वाचता येत नाही?” काका म्हणाले.

हॉस्पिटलसमोरचंच हॉटेल होतं. काका संध्याकाळी बेकरीत पिठाच्या परातीशेजारी फोन घेऊन बसले. फोनने विचारलं, कोणत्या तारखेला येणार? काकांनी विचार केला. दुपारची बस, पोहोचायला संध्याकाळचे साडेसात. साडेसात म्हणजे सात वाजून गेलेले, म्हणजे पान फाटलेलं, म्हणजे बारा. त्यांनी पीठ लागलेल्या बोटाने बारा दाबलं, नव्या कार्डाचे आकडे घातले, पैसे भरले आणि लेकीला कळवलं, “झालं. काय मोठंसं त्यात!” खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की पैसे परत मिळणार नाहीत. ते काकांनी वाचलं होतं. परत मागायचे कशाला, आपण जाणारच आहोत, असं त्यांना वाटलं.

अकरा तारखेला साडेसातला ते काकूंचा हात धरून हॉटेलात शिरले. काउंटरवरच्या गृहस्थाने नाव शोधलं, ते सापडलं, तो हसला आणि म्हणाला, “उद्या या. बुकिंग बारा तारखेचं आहे.”

“आज बाराच आहे की!” काका ठामपणे म्हणाले.

“नाही हो, अकरा.”

काकांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात तारीख होती. अकरा. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक दिवस आधी पोहोचणं महागात पडत होतं. ते पुटपुटले, “आमच्याकडे बारा लागली.” काउंटरवरच्याने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की डोळ्यांचं हॉस्पिटल सोडून दुसरं एखादं सुचवावं की काय, असं त्याला वाटलं असणार.

आजची खोली? एकही नाही. शहरात दातांच्या डॉक्टरांचं अधिवेशन होतं. लॉबीत जिकडे बघावं तिकडे माणसं एकमेकांना दात दाखवत हसत होती. काकूंना बाकावर बसवून काका रस्त्यावरची चार हॉटेलं फिरून आले. चारही ठिकाणी दातांचे डॉक्टर. परत येऊन ते बाकावर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. बसस्टँडवर रात्र काढायची तर तिथली गर्दी, ढकलाढकली, आणि काकूंच्या डोक्याला एक धक्का लागला तरी सगळं मुसळ केरात.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मला माझ्या भट्टीतच घाल.”

“घालते. आधी दिसू दे मला, मग नेम धरून घालते,” काकू म्हणाल्या.

तेवढ्यात टॉवेलांनी भरलेली गाडी ढकलत एक बाई समोरून चालल्या होत्या. अंगावर निळा एप्रन, कमरेला चाव्यांचा जुडगा, वय साठीच्या अलीकडे. त्या हॉटेलच्या चादरी-टॉवेल सांभाळणाऱ्या. सगळे त्यांना चाव्याबाई म्हणत. त्या दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या आणि मागे आल्या.

“ह्या मान अशी काचेची असल्यासारखी का धरून बसल्यात?” त्यांनी विचारलं.

काकांनी सांगितलं. पडदा, उद्या सहाची वेळ, तारखेचा घोळ, सगळं एका दमात. चाव्याबाईंनी काउंटरकडे एक नजर टाकली. काउंटरवरचा गृहस्थ एका दंतवैद्याशी हुज्जत घालण्यात गुंग होता. “उठा,” त्या म्हणाल्या. “सावकाश. काकू, माझ्या दंडाला धरा. पायऱ्या चौदा आहेत, मी मोजत जाते.”

मागच्या जिन्याने त्या दोघांना चादरींच्या खोलीत घेऊन गेल्या. छतापर्यंत फळ्या, प्रत्येक फळीवर खोल्यांचे नंबर, साबणाचा वास, कोपऱ्यात इस्त्रीचं मोठं यंत्र. बाईंनी एक घडीची खाट उघडली, तिच्यावर जादा गादी टाकली, काकांसाठी खाली पांघरुणं पसरली आणि कपडे वाळवायच्या यंत्रातून नुकत्याच काढलेल्या चादरी अंथरल्या.

“अहो, चादर गरम आहे!” काकू आडव्या होताच म्हणाल्या. “भट्टीतून काढल्यासारखी.” आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडले. काकांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवून फळ्यांवरचे नंबर वाचायला लागले. त्यांना भरून आलं होतं आणि ते कुणाला दाखवायची त्यांना सवय नव्हती.

रात्री झोपायची काकांना मुळात सवयच नाही. काकू झोपल्यावर त्यांना तिथे धुतलेल्या उशांच्या खोळींचा डोंगर दिसला. रिकामे हात त्यांना चावतात. उपकाराची थोडी फेड म्हणून त्यांनी सगळ्या खोळींच्या घड्या घातल्या. पहाटे पाचला बाई आल्या, त्यांनी घड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “हे काय करून ठेवलंत? कोपऱ्याला कोपरा कुठाय?” आणि सगळ्या पुन्हा घातल्या.

त्यांनी दोन कप चहा आणि पाव-लोण्याच्या दोन बशा आणल्या होत्या. काकूंना उपाशी राहायचं होतं हे त्या विसरल्या होत्या, मग स्वतःलाच बोल लावून काकूंच्या वाटचा पाव त्यांनी कागदात बांधून काकांच्या पिशवीत टाकला. काकांनी आपल्या बशीतला खाल्ला. पाव कच्चट होता. मध्ये ओल, कवच रबरासारखं. कुणी बेकरीत असा पाव दाखवला असता तर काकांनी आकाशपाताळ एक केलं असतं. पण त्यांनी शेवटचा कणही सोडला नाही. पाववाल्याने याहून मोठे आभार मानायचे ते कसे!

त्यांनी खिशात हात घातला तेव्हा बाईंनी तो हात तसाच दाबून धरला. “खोलीचे पैसे भरलेत ना तुम्ही? मग! आज काय नि उद्या काय, चादरी त्याच. फक्त कुठे बोलू नका. माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत.” आणि सहाला दहा मिनिटं कमी असताना त्या स्वतः रस्ता ओलांडून दोघांना हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडून गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. पडदा जागेवर बसला. डॉक्टर म्हणाले की तो पक्का चिकटावा म्हणून डोळ्यात एक प्रकारची हवा भरली आहे, ती वर दाब देते, म्हणून दहा दिवस तोंड जमिनीकडे करूनच राहायचं. जेवताना, बोलताना, झोपताना. नजर हळूहळू येईल, सध्या वितीच्या आतलं तेवढं दिसेल. काकू उशीला मध्ये खळगा करून पालथ्या पडल्या. त्या आता लोकांना पायांवरून ओळखायला लागल्या. “हे डॉक्टर मोजे उलटे घालतात,” त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं.

घरी नेताना पालथं बसायची एक खास खुर्ची मिळते, चेहऱ्यासाठी भोक असलेली. हॉस्पिटल ती भाड्याने देतं, पण अनामत ठेवावी लागते. काका खिसा चाचपत तेवढ्याच विचारात होते आणि चौदा तारखेला सकाळी फोनवर निरोप आला. हॉटेलने बारा तारखेच्या खोलीच्या नावावर कार्डावरून पैसे कापले होते. जादा गादी, चादरी, टॉवेल, चहा, दोन नाश्ते आणि खोली उशिरा सोडल्याचा दंड.

काकांनी तिथल्या तिथे पावांत हिशेब केला. दोनशे दहा पाव. खुर्चीची अनामतही जवळपास तेवढीच होती. त्यांचं पित्त खवळलं.

“बारा तारखेला आपण कुठे होतो? इथे!” ते खाटेभोवती येरझारा घालत म्हणाले. “खोलीचे गेले ते गेले, तारीख मी चुकलो, ती माझी अक्कल. पण ज्या रात्री आपण तिथे पाऊल ठेवलं नाही त्या रात्रीचा नाश्ता? आणि खोली उशिरा सोडली म्हणे! शिरलोच नाही तर सोडू कुठून?”

“अहो, पाय दुखतील तुमचे. मला तुमच्या चपलाच दिसतायत, त्यासुद्धा रागावलेल्या,” काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. “जा, भांडून या. पण आवाज चढवू नका. तुमचा आवाज चढला की मुद्दा खाली पडतो.”

“एकूण एक पैसा घेऊन येतो,” काका म्हणाले आणि हॉस्पिटलचा कागद पुरावा म्हणून खिशात घालून निघाले.

हॉटेलचा मॅनेजर चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हळू बोलणारा माणूस होता. भांडायला आलेल्याची पंचाईत व्हावी इतका सभ्य. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. काकांनी रस्ताभर पाठ केलेलं भाषण म्हटलं, हॉस्पिटलचा कागद टेबलावर ठेवला आणि शेवटी म्हणाले, “जे वापरलं नाही, खाल्लं नाही, त्याचे पैसे मी का द्यायचे?”

“नकाच देऊ,” मॅनेजर म्हणाला. “तुमचं म्हणणं मला पटतंय. तुमच्या खोलीचं कुलूप बारा तारखेला उघडलंच नाही, यंत्रात नोंद आहे. मग ही चिठ्ठी आली कुठून, हे मला बघायला हवं.” आणि त्याने एक चिठ्ठी काकांपुढे सरकवली.

काकूंच्या गल्ल्यावरच्या वहीसारखं गोल गोल, सावकाश अक्षर होतं. खोलीचा नंबर. गादी एक, चादरी चार, पांघरुणं दोन, टॉवेल चार. चहा दोन, नाश्ता दोन.

काकांनी ती वाचली आणि पुन्हा वाचली. खाटेवर दोन चादरी, खाली दोन. चहा दोन. नाश्ता दोन, त्यातला एक कागदात बांधून दिलेला. इतका चोख हिशेबाचा माणूस, पण बिल बारा तारखेचं म्हणताच त्यांनी तो सरळ बारा तारखेच्या रात्रीत शोधला होता. चिठ्ठी होती बारा तारखेच्या सकाळची.

“जी खोली उघडलीच नाही तिच्या नावावर चार चादरी धुवायला गेल्या,” मॅनेजर सांगत होता. “म्हणजे चिठ्ठी खोटी. आमच्या चादरीवाल्या बाईंचं अक्षर आहे हे. गेल्या वर्षी त्यांनी असेच कुणाला तरी बिनहिशेबी टॉवेल दिले होते, तेव्हा लेखी ताकीद दिली आहे. चिठ्ठी खोटी ठरली तर तुमचे पैसे या क्षणी परत, आणि त्यांना आज घरी पाठवतो. नियम माझा नाही, पण पाळावा लागतो.” त्याने फोन उचलला आणि चाव्याबाईंना बोलावलं.

त्या येईपर्यंतची दोन मिनिटं काका आयुष्यात विसरणार नाहीत. खोटं त्यांना बोलता येत नाही, हा त्यांचा जुना दोष. आणि खरं सांगितलं तर बाईंच्या दोन वर्षांवर पाणी. ज्या बाईने पायऱ्या मोजत त्यांच्या बायकोला वर नेलं, तिलाच खाली ढकलायला ते कागद घेऊन चालत आले होते. स्वतःच्या पायांनी. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दार उघडलं. बाईंनी मॅनेजरकडे पाहिलं, टेबलावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग काकांकडे. काय चाललंय हे त्यांना कळलं असणार. कुणी दुसरी असती तर अनोळखी चेहरा करून उभी राहिली असती. बाईंच्या तोंडून निघालं, “काकूंचा डोळा कसा आहे?”

मॅनेजरने चष्मा डोळ्यांवर चढवला. “तुमची ओळख आहे?”

“आहे तर!” काका म्हणाले. खुर्चीतून उठून उभे राहिले, का ते त्यांनाही ठाऊक नाही. “चादरी ह्यांनीच तर दिल्या आम्हाला. साहेब, माझं चुकलं. चार चादरी, दोन पांघरुणं, चार टॉवेल, चहा दोन, नाश्ते दोन. सगळं आम्हीच वापरलं, एकूण एक बरोबर आहे. बायकोच्या ऑपरेशनच्या धावपळीत माझ्या डोक्यातून गेलं.”

“पण कुलूप तर...”

“कुलपाचं मला नका विचारू, मी पाववाला माणूस. चिठ्ठी खरी आहे, एवढं मी लिहून देतो.”

बाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या तसे काका घाईघाईने म्हणाले, “आणि बाई, डोळा छान आहे. पडदा बसला जागेवर.” बाई एप्रनच्या खिशात काहीतरी शोधायला लागल्या आणि बराच वेळ शोधत राहिल्या.

मॅनेजर मूर्ख नव्हता. त्याने चिठ्ठी उचलली, तिच्याकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि ती फायलीत लावून टाकली. “म्हणजे तुमची तक्रार नाही.”

“तक्रार कसली! अभिप्रायाची वही असेल तर द्या.”

वही आली. एक्केचाळीस वर्षं चिठ्ठ्यांपलीकडे काही न लिहिलेल्या काकांनी जीभ दातांत धरून लिहिलं, ‘इथल्या चादरी गरम असतात. त्याबद्दल मी आणि माझी पत्नी जन्मभर आभारी आहोत. पाव मात्र अजून पाच मिनिटं भाजावा.’

मॅनेजरने ते वाचलं. मग त्याने बिल पुढे ओढलं आणि एका ओळीवर रेघ मारली. “खोली उशिरा सोडल्याचा दंड मात्र यंत्राची चूक आहे. जी उघडली नाही ती उशिरा सुटत नाही. एवढे परत मिळतील.” ते झाले अकरा पाव. काकांनी ते आनंदाने घेतले.

बाहेरच्या बोळात बाईंनी त्यांना गाठलं. त्या रागावल्या होत्या. “कशाला ओढवून घेतलंत? मी चुकीचं लिहिलंच नव्हतं. धुवायला जाणाऱ्या प्रत्येक चादरीला खोली लावावी लागते. तीस वर्षांत एक चादर मी बिनखोलीची पाठवली नाही. दुसऱ्या कुणाच्या खोलीवर टाकणं म्हणजे चोरी. तुमची खोली पैसे भरलेली होती, रिकामी राहणार होती, म्हणून तिच्यावर लिहिलं. मला काय माहीत, माणूस आला नाही तर यंत्र ते जादा धरतं म्हणून! मी देईन तुम्हाला. दर महिन्याला थोडे थोडे.”

“बाई,” काका म्हणाले. पावाबद्दल ते तासभर बोलू शकतात, हे असलं बोलायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती. “त्या रात्री बसस्टँडवर कुणाचा धक्का लागला असता तर माझी बायको कायमची अंधारात गेली असती. तिने मला चौतीस वर्षं एका डोळ्याने सांभाळलंय. तो डोळा तुम्ही राखलात. पैसे कसले देताय मला! आम्ही तुमचे आभारसुद्धा धड मानले नाहीत, पहाटे नुसते पळत सुटलो. आणि तिने तर तुम्हाला पाहिलंही नाही अजून. तुमची शिफ्ट संपली की या. हॉस्पिटल समोरच आहे.”

काका परतले तेव्हा काकू तशाच पालथ्या होत्या. चपला दिसताच विचारलं, “आणले पैसे?”

“अकरा पाव आणले,” काका म्हणाले, आणि खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. चिठ्ठी, ताकीद, दोन वर्षं, सगळं.

“माझ्यामुळे घडलं सगळं,” काका म्हणाले. “मी तारीख नीट दाबली असती तर...”

“तर आपण एका बंद खोलीत झोपून आलो असतो आणि त्या बाई आपल्याला भेटल्याच नसत्या. आयुष्यात एकदा नीट भांडून आलात,” काकू म्हणाल्या. “आता खुर्चीचं काय?”

“पावाच्या लाकडी ट्रेला भोक पाडतो. कडेने पिठाचं पोतं गुंडाळतो. राजेशाही होईल.”

“म्हणजे दहा दिवस मी ट्रेमध्ये तोंड घालून बसायचं? फुगले तर भाजायला नका घेऊ.”

चारच्या सुमाराला दारातून कापडी बूट आत आले आणि खाटेपाशी थांबले. काकूंनी असे बूट तिथे पाहिले नव्हते. “कोण?”

“मी. चादरीवाली.”

काकूंनी झटकन मान उचलायला घेतली. “वर नको!” काका आणि बाई एकदमच ओरडले, इतक्या जोरात की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले.

“अहो, पण मला त्यांना बघायचंय,” काकू उशीत तोंड ठेवून म्हणाल्या. “नुसत्या बुटांना हात जोडू का?”

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी फरशीकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं, फरशी नीट पुसलेली नाही असं स्वतःशीच पुटपुटल्या, आणि मग एक हात टेकवून सावकाश, गुडघे कुरकुरत, त्या जमिनीवर उताण्या झोपल्या. सरकत सरकत त्यांनी डोकं खाटेच्या कडेखाली, बरोबर काकूंच्या चेहऱ्याखाली आणलं.

“दिसते का?”

“धूसर. अजून जवळ या. वितीच्या आत.”

बाईंनी दोन्ही कोपरांवर भार देऊन डोकं उचललं. आणखी. आता दोघींच्या नाकांत चार बोटांचं अंतर राहिलं होतं.

“दिसलात,” काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “तुमच्या भुवईत एक पांढरा केस आहे.”

“एक? नीट बघा. चार आहेत.”

काकू नीट बघायला लागल्या. मोजायला बराच वेळ लागला, कारण मध्येच त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते सरळ खाली बाईंच्या कपाळावर पडायचं. बाईंनी ते पुसलं नाही, त्या मान उचलून तशाच राहिल्या.

“चारच आहेत,” शेवटी काकू म्हणाल्या.